ब्रह्मगिरीहून जुना मासा

लिटल स्केट हा मासा चालतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या थंड पाण्यात तो राहतो. लांबी जेमतेम हातभर, अंग चपटं, दोन्ही बाजूंना पसरलेले रुंद पर आणि मागे बारीक शेपटी. टाकीच्या तळाशी सोडला की कंबरेजवळचे दोन लहान पर आळीपाळीने टेकत तो पुढे सरकतो. डावा, उजवा, डावा, उजवा. पाठीचा कणा ताठ, अंगाला कुठेही वळसा नाही. टाकीच्या खालून टिपलेलं त्याचं चित्रण पाहिलं तेव्हा मी ते थांबवून थांबवून पुन्हा लावलं, कारण हात-पाय नसलेल्या प्राण्यात मला स्पष्टपणे पावलं दिसत होती.

२०१८ साली ‘सेल’ या नियतकालिकात या चालण्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जेरेमी डासेन यांच्या गटाने स्केटच्या भ्रूणांच्या मज्जारज्जूतल्या चेतापेशी तपासल्या. पराचे स्नायू हलवणाऱ्या या पेशी घडवायला स्केट जी जनुकं वापरतो, तीच जनुकं उंदराचे पाय हलवणाऱ्या पेशी घडवतात, आणि आपलेही. शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स कुळातली काही जनुकं, त्यांच्या जोडीला फॉक्सपी१ नावाचं जनुक. पर वाकवणाऱ्या आणि ताठ करणाऱ्या स्नायूंची वेगवेगळी विभागणीसुद्धा तशीच. स्केटचा आणि आपला शेवटचा समान पूर्वज सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी पाण्यात राहत होता. म्हणजे चालण्यासाठी लागणारी चेतासंस्थेची मांडणी त्या काळीच तयार होती. जमिनीवर पहिलं चार पायांचं जनावर आलं ते त्यानंतर काही कोटी वर्षांनी. ‘मासे पाण्याबाहेर आले आणि मग चालायला शिकले’ ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. तिच्यातला क्रमच इथे उलटा होतो.

मी नाशिकमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात दिंडोरी, पेठ, सुरगाणा, सिन्नर अशा सगळीकडून मुलं येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांनी समुद्र फक्त सहलीत पाहिलेला असतो. खरं तर आम्ही समुद्रापासून तितके लांब नाही. कसारा घाट उतरला की मुंबई. पण आमची नदी तिकडे जातच नाही. अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर ब्रह्मगिरीत उगम पावलेली गोदावरी त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. रामकुंडावर उभं राहून माशांचा विचार केला तर डोळ्यांसमोर मरळ येतो, वाम येते, धरणातले रोहू-कटला येतात. चपट्या अंगाचा, कास्थीच्या (कूर्चेच्या) सांगाड्याचा, शेपटीवर विषारी काटा असलेला मासा तिथे मनात येण्याचं काही कारण नाही.

पाकट, म्हणजे स्केटचं आपल्याकडचं भावंड, मी पहिल्यांदा पाहिलं ते बरणीत. बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्या माझ्या वयाच्या लोकांना तो वास अजून आठवत असेल. फॉर्मॅलिनने पिवळी पडलेली काच, आत दुमडून बसवलेला मासा, वर शाईने लिहिलेली चिठ्ठी. परीक्षेत ‘स्पॉटिंग’ला ती बरणी ठेवली जायची. नाव लिहा, वर्ग लिहा, दोन लक्षणं लिहा, पुढच्या टेबलाकडे सरका. मुशी, म्हणजे लहान शार्क, तर आम्ही कापायचोच. तिचे चेतातंतू उकलून दाखवायचे म्हणजे दिवसभराचं काम. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणी-विच्छेदनाला आवर घातला तो योग्यच झाला. पण पाकट कुणी कापलं नाही आणि त्याच्याबद्दल कुणी फारसं बोललंही नाही. मुशीचा चपटा भाऊ एवढीच त्याची ओळख.

हे माझं वैयक्तिक मत आहे, पण ठाम आहे: शरीर कसं बदलतं हे शिकवायला पाकटाइतका चांगला प्राणी दुसरा नाही.

त्याचे पर बघा. इतर माशांचे छातीचे पर अंगाच्या बाजूला चिकटलेले, सुकाणू धरायला पुरेसे. स्केट आणि पाकटांमध्ये हेच पर डोक्याच्या पुढेपर्यंत वाढत जातात आणि डोक्याला जुळतात. कल्ल्यांच्या फटी खाली, पोटाकडच्या बाजूला जातात. वाळूत बसलेल्या माशाने तोंडाने पाणी आत घेतलं तर वाळूच जाईल, म्हणून डोळ्यांमागच्या छिद्रांतून तो वरचं स्वच्छ पाणी ओढतो. अंडं उघडून भ्रूण पाहिला तर सुरुवातीला पर अगदी साधे असतात, कुठल्याही माशाला शोभतील असे. मग ते पुढच्या दिशेने वाढू लागतात. काही आठवड्यांत मासा ओळखू येत नाही इतका पसरतो.

ही पुढची वाढ कशाने होते? साधारणपणे पराची वाढ त्याच्या कडेवरच्या एका पट्ट्याच्या हुकमाने चालते. २०१५ साली तेत्सुया नाकामुरा, नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की स्केटच्या पराला पुढच्या बाजूला वाढीचं वेगळं केंद्र असतं. मागचा भाग जुन्या रीतीने वाढतो आणि पुढचा या नव्या केंद्राच्या बळावर. पण या केंद्रात काम करणारी जनुकं नवी नाहीत. ती सगळ्याच माशांकडे आहेत, आपल्याकडेही आहेत. मग ती तिथे, त्या जागी, त्या वेळी कशी जागी झाली?

याचं उत्तर मिळायला २०२३ उजाडलं. एप्रिल महिन्यात ‘नेचर’मध्ये लिटल स्केटचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची संपूर्ण अक्षरमाला, प्रसिद्ध झाला. फर्डिनांड मार्लेताझ, दारिओ लुपिआन्येझ, नाकामुरा असे अनेक देशांतले संशोधक त्यात होते. स्पेनमधल्या सेव्हिलचे होसे लुईस गोमेझ-स्कार्मेता हे या कामाच्या मुळाशी होते. निबंध छापून येण्याआधीच, २०२० साली, ते गेले. त्यांनी आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला तो म्हणजे पेशीच्या आत डीएनएची घडी कशी पडते, आणि त्या घडीचा प्राण्याच्या घडणीवर काय परिणाम होतो.

वर्गात हा भाग शिकवायला मी वाड्याचा आधार घेते. डीएनए पेशीत सरळ ताणलेला नसतो. त्याच्या घड्या पडतात आणि त्या घड्यांचे कप्पे होतात. कप्प्यातल्या जनुकाला ‘आता काम सुरू कर’ असं सांगणारा डीएनएचा तुकडा बहुधा त्याच कप्प्यात असतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं असावीत, तसं. एका बिऱ्हाडातली हाक त्याच्या भिंतींच्या आत राहते. कधीतरी मधली एक भिंत पाडली आणि दुसरीकडे उभी केली, की जी हाक एका खोलीपुरती होती ती शेजारच्या खोलीत ऐकू जायला लागते. माणसं तीच, हाकही तीच, पण तिला ‘ओ’ देणारं माणूस वेगळं. स्केटच्या पूर्वजांमध्ये गुणसूत्रांच्या काही तुकड्यांची अशीच फेरमांडणी झाली आणि काही कप्प्यांच्या सीमा बदलल्या. संशोधकांनी हे बदललेले कप्पे तपासले तेव्हा त्यांत पेशींना दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेची जनुकं सापडली. त्यांतलं एक प्रिकल१. कुठली पेशी कुठल्या बाजूला तोंड करून उभी राहणार आणि ऊती कुठल्या दिशेने पसरणार, हे ठरवण्यात या यंत्रणेचा हात असतो. स्केटच्या पराच्या पुढच्या भागात प्रिकल१ जोमाने काम करतं. ही यंत्रणा रसायनाने अडवली तेव्हा भ्रूणांच्या पराचा पुढचा भाग नीट पसरला नाही. शिवाय हॉक्स जनुकांजवळ डीएनएचा एक असा तुकडा मिळाला की जो स्केटमध्ये त्या जनुकांना पराच्या पुढच्या बाजूला कामाला लावतो.

एकदा हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, हे प्रिकल आपल्यात पण असतं?”

असतं. मानवी जीनोममध्ये ते त्याच नावाने नोंदलेलं आहे.

“मग आपल्याला पंख का नाही आले?”

वर्ग हसला, मला मात्र प्रश्न फार आवडला. त्याच्या उत्तरातच सगळं आलं. जनुक असणं पुरेसं नसतं. ते कुठे, कधी आणि किती वेळ बोलतं यावर शरीर ठरतं. तेवढा एक मुद्दा त्या मुलीला कळला असेल तर अभ्यासक्रमातल्या दोन प्रकरणांइतकं काम झालं.

स्केटच्या जीनोममधली आणखी एक गोष्ट मला थक्क करते. त्याची गुणसूत्रं फार सावकाश बदलली आहेत. जबडा असलेल्या सगळ्या प्राण्यांच्या मूळ पूर्वजाकडे गुणसूत्रांची जी मांडणी असावी, तिच्या खुणा स्केटमध्ये आपल्यापेक्षा किंवा हाडांच्या माशांपेक्षा जास्त शाबूत आहेत. अर्थात सगळंच जुनं टिकलं असं नाही. हॉक्स जनुकांचे जे चार संच आपल्याकडे आहेत, त्यांतला ‘सी’ हा संच स्केटमध्ये जवळजवळ पूर्ण गळून गेला आहे. २०११ मध्ये हे लक्षात आलं तेव्हा बऱ्याच जणांना धक्का बसला, कारण या जनुकांशिवाय शरीर उभंच राहू शकत नाही असं मानलं जायचं. स्केट राहिला.

पाकटांच्या कुळाचे जीवाश्म ज्युरासिक कालखंडाच्या सुरुवातीच्या भागापासून मिळतात, म्हणजे १७ कोटी वर्षांहूनही आधीपासून. आमचा ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणी ज्यात कोरली तो डोंगर, हा सगळा काळा खडक लाव्हा थिजून झाला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. नाशिककर माणसाला डोंगर हे जुनेपणाचं माप वाटतं. गोदावरी जिथून निघते तो डोंगर तयार होत होता तेव्हा पाकटं समुद्रात कधीचीच वाळू अंगावर ओढून बसायला लागली होती.

आता विजेकडे येते.

पाकटाच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रातून एक जेलीने भरलेली नळी आत जाते आणि तिच्या टोकाशी संवेदनपेशींचा पुंजका असतो. स्टेफानो लोरेन्झिनी या इटालियन वैद्याने १६७८ साली त्यांचं वर्णन केलं. ती छिद्रं कशासाठी आहेत हे कळायला पुढची जवळजवळ तीन शतकं गेली. १९७१ मध्ये अ‍ॅड कालमायन यांनी दाखवलं की शार्क आणि रे (पाकट-स्केटांचा सगळा गट) वाळूखाली गाडून ठेवलेला मासासुद्धा शोधून काढतात, तेही वासाने नव्हे, तर त्याच्या शरीरातून पाझरणाऱ्या अतिसूक्ष्म विजेवरून. पुढे २०१७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने लिटल स्केटच्या याच पेशींमधली दोन आयन-द्वारं (विद्युतभारित कणांना आत-बाहेर सोडणाऱ्या वाटा) शोधली. एक कॅल्शियमचं, दुसरं पोटॅशियमचं. दोघांच्या चढउतारातून पेशीला विजेची चाहूल लागते. (तिखट आणि उष्णता आपल्याला कशी जाणवते या शोधासाठी २०२१ चा नोबेल मिळाला तो याच ज्युलियसना.)

अंड्यातलं पिल्लूही ही वीज ओळखतं. क्लिअरनोज स्केटचं पिल्लू अंड्याच्या चामड्यासारख्या कोषात महिनोन्‌महिने राहतं आणि शेपटी हलवून कोषातलं पाणी खेळतं ठेवतं. त्या हालचालीने शत्रूला सुगावा लागू शकतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलं की शत्रूच्या श्वासाच्या लयीत बदलणारं विद्युतक्षेत्र जवळ आणलं की पिल्लू शेपटी हलवणं थांबवतं. जन्मायच्या आधीच दबून बसण्याची अक्कल.

टॉरपीडो हा रे तर स्वतःच वीज सोडतो. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस डोकेदुखीवर जिवंत टॉरपीडो कपाळाला लावायला सांगायचा. पण आपलं त्याच्याशी खरं देणं-घेणं आहे ते विसाव्या शतकातलं. टॉरपीडोचा वीज तयार करणारा अवयव हा रूप बदललेल्या स्नायूपेशींचा असतो. आपल्या स्नायूवर जिथे चेतातंतू येऊन टेकतो, तिथे अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सुटतं आणि स्नायूवरचा ग्राही रेणू ते पकडतो. त्यातून स्नायू आकुंचन पावतो. आपल्या स्नायूवर हे ग्राही थोड्याशा जागेत असतात. टॉरपीडोच्या विद्युत अवयवात ते खच्चून भरलेले असतात. त्यामुळे हा रेणू हाती घेऊन अभ्यासायचा तर टॉरपीडोसारख्या वीज सोडणाऱ्या माशांना पर्याय नव्हता.

पण इतर हजार प्रथिनांतून तो वेगळा काढायचा कसा? इथे मण्यार मदतीला आला. तैवानमधल्या मण्यारच्या विषातलं एक प्रथिन १९६३ मध्ये तिथल्या संशोधकांनी वेगळं केलं होतं. ते या ग्राहीला असं घट्ट चिकटतं की सुटता सुटत नाही. त्याच विषाला खूण म्हणून वापरून १९७० च्या आसपास हा ग्राही पकडला गेला, आणि १९८२ मध्ये जपानच्या शोसाकू नुमा यांच्या गटाने टॉरपीडोच्या ग्राहीतल्या एका घटकाच्या जनुकाची पूर्ण अक्षरमाला वाचली.

मण्यार म्हटलं की आमच्या भागातल्या कुणाच्याही अंगावर काटा येतो. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला तो चावतो, दुखत फारसं नाही, आणि पहाटे पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. आपल्याकडच्या मण्यारच्या विषाचे घाव एकाहून जास्त जागी पडतात, आणि चेतातंतू नि स्नायू यांच्यातला हा सांधा त्यांतला मुख्य. पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांना मी हे शिकवते तेव्हा वर्गात आवाज नसतो. प्रत्येकाच्या गावात कुणीतरी गेलेलं असतं.

त्याच सांध्याचा दुसरा आजार मी जवळून पाहिला. आमच्या स्टाफरूममधले इतिहासाचे सर सकाळच्या तासाला ठणठणीत असायचे आणि दुपारपर्यंत त्यांची डावी पापणी उतरायची. बोलताना शब्द नाकातून यायला लागायचे. झोप कमी होत असेल, वय झालं, असं सगळे म्हणत राहिले. शेवटी निदान झालं मायस्थेनिया ग्रेव्हिस. शरीर स्वतःच्याच अ‍ॅसिटिलकोलीन ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. हे कळलं कसं, तर १९७३ मध्ये जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी वीज सोडणाऱ्या ईल माशातून काढलेला हा ग्राही सशांना टोचला, आणि सशांच्या माना पडल्या. सरांच्या रक्ताची जी तपासणी झाली, तिच्या मूळ पद्धतीत मण्यारच्या विषाचं तेच प्रथिन किरणोत्सारी खूण लावून वापरतात. औषधं सुरू झाल्यावर सर पुन्हा सलग दोन तास शिकवू लागले. मी त्यांना ही सगळी साखळी सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मॅडम, ही तर इतिहासाच्या तासाला सांगायची गोष्ट आहे.” ती ते आता सांगतात.

कास्थीबद्दल थोडक्यात. आपल्या सांध्यातली कास्थी झिजली की जवळपास झिजलीच. सप्तशृंगीच्या पायऱ्या आयुष्यभर चढलेल्या माझ्या आईच्या गुडघ्यांना हे माहीत आहे. अँड्र्यू गिलिस यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की पूर्ण वाढ झालेल्या लिटल स्केटमध्ये नवी कास्थी तयार होत राहते, आणि कास्थीला केलेली जखम आपोआप नव्या कास्थीने भरून येते. त्यातून माणसासाठी उपचार निघेल की नाही हे पुढचं पुढे. पण हे करणारा एक प्राणी आहे आणि तो कसं करतो ते पाहता येतं, हीच मोठी गोष्ट.

आणि हे प्राणी संपत चालले आहेत.

जगातल्या शार्क, रे आणि कायमेरा (त्यांचे कास्थीच्या सांगाड्याचे दूरचे नातलग) यांच्या ११९९ प्रजातींचं मूल्यमापन २०२१ साली प्रसिद्ध झालं. एक तृतीयांशाहून जास्त प्रजाती धोक्यात, आणि त्यांत रे आणि स्केट यांची अवस्था शार्कपेक्षाही वाईट. शार्कसाठी लोक हळहळतात, माहितीपट निघतात. पाकट तळाशी बसतं, ट्रॉलरचं जाळंही तळ खरवडत जातं. ते कोलंबीसाठी टाकलेलं असतं, पाकट त्यात आपोआप येतं. बांगड्यासारखी लाखोंनी अंडी हे घालत नाहीत. स्केट थोडी, मोठी अंडी घालतात. काही खोल थंड पाण्यातल्या प्रजातींची अंडी उबायला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. २०१८ च्या एका निबंधात तर गालापागोसजवळच्या समुद्रतळावर, गरम पाणी सोडणाऱ्या भेगांच्या आसपास, स्केटची १५७ अंडी सापडल्याची नोंद आहे. बहुधा उबायचा वेळ कमी करायला ती तिथे घातलेली असावीत. पाकटं पिल्लांना जन्म देतात. गर्भाशयातून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पिल्लं पोसतात, आणि एका वेळी मोजकीच होतात. वयात यायला वर्षं लागतात. असा प्राणी जितका पकडला जातो तितका पुन्हा भरून येऊ शकत नाही.

युरोपात ‘कॉमन स्केट’ नावाचा मोठा मासा होता. दोन मीटरच्या वर वाढणारा, नावाप्रमाणेच सगळीकडे आढळणारा. १९८१ मध्ये कीथ ब्रँडर यांनी लिहिलं की आयरिश समुद्रातून तो नाहीसा झाला आहे. त्याहून मोठा धक्का पुढे बसला. २०१० च्या सुमारास जनुकीय तपासणीतून कळलं की ज्याला एक प्रजाती समजून पकडलं, मोजलं, त्यावर नियम केले, त्या प्रत्यक्षात दोन प्रजाती होत्या. १९२६ पासून त्या एकाच नावाखाली नोंदल्या जात होत्या. दोघींची वाढ वेगळी, वयात येण्याचा आकार वेगळा. मोठी, सावकाश वाढणारी प्रजाती आधी संपत गेली आणि आकडेवारीत ते दिसलंच नाही, कारण दुसरी तिची जागा कागदावर भरून काढत होती. मला ही हकीकत कुठल्याही नव्या औषधाच्या शोधाइतकी महत्त्वाची वाटते. दोन जीव वेगळे आहेत हेच माहीत नसेल तर त्यांतला एक जातोय हे कळणार कसं?

आणि जावा स्टिंगरी. १८६२ साली एडुआर्ड फॉन मार्टेन्स या जर्मन निसर्गअभ्यासकाला आजच्या जकार्तातल्या मासळीबाजारात एक लहानसं पाकट मिळालं. त्याने त्याचं वर्णन १८६४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यानंतर ते पाकट कुणालाही, कुठेही दिसलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ते नामशेष झाल्याचं आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने जाहीर केलं. माणसामुळे नष्ट झालेली ही समुद्री माशाची नोंदलेली पहिली प्रजाती. बाजारातून आलेला एक नमुना, आणि बाकी काही नाही.

आमच्या इथल्या बाजारातही पाकट येतं. मुंबईहून बर्फाच्या पेट्या येतात, त्यांत सुरमई, बोंबील, कधी पाकटाचे तुकडे. मी विक्रेत्या मावशींना विचारते, हे कुठलं? “मुंबईचं,” त्या सांगतात. पंख कापून आलेले, शेपूट नाही, तोंड नाही. त्या तुकड्यांवरून प्रजाती मला सांगता येत नाही, आणि कुणालाच नुसत्या डोळ्यांनी येणार नाही. डीएनएवरून येते. २००३ पासून पॉल हेबर्ट यांनी रूढ केलेल्या पद्धतीत मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचला की मांसाच्या कणावरून किंवा सुकवलेल्या परावरूनही प्रजाती ओळखता येते. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेसारख्या (सीएमएफआरआय) संस्था हे काम करतात. वन्यजीव कायद्याने २००१ साली शार्क आणि रे यांच्या दहा प्रजातींना संरक्षण दिलं, त्यांत करवत मासे होते, गंगेतलं पाकट होतं. पण बंदरावर जाळ्यातून उतरलेला ढीग उपसताना यांतलं कुठलं कायद्यातलं आणि कुठलं नाही, हे ओळखणारी माणसं फार थोडी आहेत.

करवत मासा म्हणजे खरं तर लांब, दातेरी मुस्कट असलेला रेच. नद्यांच्या मुखांत आणि गोड्या पाण्यातही तो वर येतो. फ्लोरिडात उरलेल्या करवत माशांमध्ये जवळच्या नात्यात प्रजनन होतंय का हे पाहायला संशोधकांनी डीएनए तपासला, आणि २०१५ मध्ये त्यांना भलतंच सापडलं: काही मासे बापाशिवाय जन्मले होते. आईच्या अंड्यातूनच, नराविना. कशामुळे असं होतं ते ठरलेलं नाही, पण नर भेटणंच मुश्कील झालेल्या समुद्रात हे घडलं, एवढं वाचून मला त्या दिवशी दुसरं काही काम सुचलं नाही.

म्हणून बारावीच्या परीक्षा संपल्या की आम्ही काही मुलांना घेऊन हर्णैला जाणार आहोत. लिलावाच्या वेळी किनाऱ्यावर जी पाकटं येतील त्यांच्या नोंदी करायच्या. प्रत्येकाचे दोन फोटो, पाठीकडून आणि पोटाकडून. पंखांची रुंदी टेपने. शेपटीवर काटे किती आणि कुठे. नर की मादी. नराच्या कंबरेच्या परांना आतल्या बाजूला दोन लांबट दांडे असतात, ते मुलांनी चित्रावरून शिकून ठेवले आहेत. मादीच्या पोटात पिल्लं असतील आणि कोळीणबाईंनी दाखवली तर त्यांची संख्या. मांसाचा नमुना घ्यायचा नाही, त्याला रीतसर परवानगी लागते. सगळ्या नोंदी आणि फोटो ओळख पटवण्यासाठी सीएमएफआरआयच्या शास्त्रज्ञांकडे पाठवायचे. पंखांचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने वहीत रकाने आखायला घेतलेत आणि शेवटचा रकाना ‘ओळख पटली नाही’ असा ठेवलाय. तोच सगळ्यात रुंद आहे.